अर्ध्या घोड्याच्या गावाहून

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले. मी फोन केला नाही आणि तू तर ग्रुपच सोडलास. तब्येत ठीक, कंबर अधूनमधून कुरकुरते, ते सोड. पत्र अशासाठी की फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, आणि दिलंसच तर मी नेहमीसारखा विषय हसण्यावारी नेणार.

झालं असं, गेल्या शनिवारी इथे जर्मनीत हामेलनहून वेझर नदीच्या कडेकडेने सायकल मारत बोडेनवेर्डरला गेलो. एवढंसं गाव. तिथे नगरपालिकेसमोर एक कारंजं आहे, घोडा पाणी पितोय आणि घोड्याला मागचा अर्धा भागच नाही, प्यायलेलं पाणी मागून वाहून जातंय आणि वर स्वार एकदम निवांत. आईशप्पथ, आधी तूच आठवलास, मोठ्याने हसलो, बाजूची आजी दचकली. मग पोटात गोळा आला.

तो स्वार म्हणजे बॅरन म्युनशहाउझेन. खराखुरा माणूस बरं का, १७२० साली तिथेच जन्मलेला, आणि ती नगरपालिका म्हणजे त्याच्याच घराण्याचा वाडा. पोरवयात एका ड्यूकच्या पदरी राहिला, त्याच्यापायी रशियात गेला, तुर्कांशी लढाई चालू होती तेव्हा तिकडेच होता, मग रिगाला घोडदळात. १७४४ ला एक जर्मन राजकन्या लग्नासाठी रशियाला निघालेली, पुढे जी कॅथरीन द ग्रेट झाली ती, तिला रिगात मानवंदना देणाऱ्या तुकडीवर हाच होता. म्हणजे खरं सांगण्यासारखंही त्याच्याकडे चिक्कार होतं! पण गावी परतल्यावर शेतीवाडी, शिकार आणि जेवणं झाली की मित्रांना गोष्टी. बर्फात खुंटा समजून घोडा बांधला, झोपलो, सकाळी बर्फ वितळलेला आणि घोडा चर्चच्या शिखराला लटकलेला, असल्या. चेहरा मख्ख ठेवून. ऐकणाऱ्यांना माहीत की थाप आहे, ह्यालाही माहीत की त्यांना माहीत आहे. होस्टेलच्या गच्चीवर तुझं दुसरं काय चालायचं? आणि व्यवहारात माणूस एकदम सचोटीचा म्हणतात. (इथे तुमची तुलना संपते, हरिश्चंद्रगडाचे बाराशे अजून आले नाहीत.)

मग आला रास्पे. कासेलच्या राजाच्या संग्रहातला माल हडप करून १७७५ ला इंग्लंडला पळालेला. ह्याने १७८५ मध्ये लंडनला त्या गोष्टींचं पुस्तक काढलं, बॅरनच्याच तोंडी, सगळं 'मी असं केलं, मी तसं केलं'. स्वतःचं नाव मात्र गुलदस्त्यात. लगेच पुढच्या वर्षी ब्युर्गर नावाच्या कवीने ते जर्मनमध्ये आणलं, त्यानेही नाव घातलं नाही, वर पदरची भर घातली. ते तोफगोळ्यावर बसून जाणं, स्वतःचेच केस धरून स्वतःला दलदलीतून उपसणं, सगळ्यात गाजलेलं जे आहे ते ह्या ब्युर्गरने घुसवलेलं! आणि म्हातारा जिवंत होता रे. लोक 'खोटारडा बॅरन' बघायला दारात यायला लागले, नोकर त्यांना हाकलायचे. पुढे बायको गेली, त्र्याहत्तराव्या वर्षी एका कोवळ्या पोरीशी लग्न केलं, ते कोर्टात गेलं, आणि १७९७ ला संपला.

तर बंड्या, माळशेजचा बिबट्या.

तुझ्या त्या थापेचा मेसेज ग्रुपवर मी टाकला हे तुला माहीत आहे. तुझ्याच तोंडचा करून टाकला, 'मी बुलेट थांबवली, मी त्याच्या डोळ्यात बघितलं'. तुझी ती बारीक खोकण्याची सवय, मध्येच विड्यासाठी थांबणं, ते टाइप होत नाही ना. नुसती थाप उरते. पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. बिबट्याने तुझी चप्पल तोंडात धरून परत आणून दिली, हे तू कधीच म्हणाला नव्हतास. ते माझं. रात्री दीड वाजता, दोन बिअरनंतर, गोष्ट जरा सपक वाटली म्हणून. आणि नेमकं तेच फिरलं. तुझ्या सासुरवाडीच्या ग्रुपवर गेलं, मेव्हण्याने भर पंगतीत 'दाजी, दुसरी चप्पल कुठंय' विचारलं, हे सगळं मला पश्याकडून कळलं आणि मी गप्प बसलो. उलट मनात म्हटलं, स्कूटरची काच फोडून माझं नाव पुढे केलं होतंस तेव्हा? मोजत बसलो होतो बघ. वीस वर्षांपूर्वीची काच.

वहिनींना नमस्कार सांग. सईची दहावी झाली असेल ना, किती पडले? दुकान नव्या जागेत हलवणार होतास, त्याचं काय झालं तेही कळव.

परवा ग्रुपवर सरळ लिहून टाकलं की चप्पल माझी, बंड्याची नाही. अकरा जणांनी हसायचे इमोजी टाकले. पश्या म्हणतो, आता हा पण सुरू झाला.

तुझा,
पक्या

ता. क. बाराशेचं राहू दे. हजार दे.