भीमाचं धोतर पाठवतोय

सोलापूर,
डिसेंबरअखेर

प्रिय पिंट्या,

पार्सल फोडल्या फोडल्या तू आधी शेंगाचटणीच्या पुडीला हात घालणार, म्हणून ती मुद्दाम तळाशी ठेवलीय. वरचं नारिंगी बोचकं पहिल्यांदा काढ. ते तुझ्या लेकीचं आहे. चटणीचं तेल त्याला लागलं तर पुन्हा शिवून मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

'छोट्या भीमाचा ड्रेस पाहिजे, दोन तासांचं काम, कर की बे,' म्हणालास फोनवर. मला नऊ दिवस लागले. जूनचा युनिफॉर्मचा सीझन असता तर तुला दारातही उभा केला नसता. पण तिनं तुझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि म्हणाली, 'काका, बाई म्हणाल्या चुटकी हो. चुटकी लाडू देते आणि भीम खातो. मी भीम होणार.' यावर मी काय बोलणार? माप लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर भीम लावून, वही-टेप घेऊन बसलो आणि तिथंच अडकलो. त्या पोराचं डोकं जवळपास धडाएवढं. मान तर नाहीच म्हटलं तरी चालेल. अंगात वर काही घालत नाही. खाली धोतर म्हणावं तर त्याला ना निरी, ना शिवण, ना नाडी. नुसता नारिंगी रंग आणि भोवतीनं काळी रेघ. पळाला तरी सुटत नाही, नदीत पडला तरी पायाला चिकटत नाही, कालियाशी मारामारी केली तरी मळत नाही. वीस वर्षं कापड कापतोय मी, पण हे कुठल्या ताग्यातून काढायचं? कार्टूनमध्ये कापड नसतंच रे. अंगही नसतं. रेघ असते, आणि रेघेला घाम येत नाही.

आणि तेव्हा मला तुझं ते कुत्सित हसणं आठवलं. छोट्या भीमाचा खऱ्या माणसांचा पिक्चर ३१ मे २०२४ ला लागला आणि मी भाच्याला घेऊन गेलो, त्यावर तू मला आठवडाभर पिडलंस. चाळिशीला टेकलेला माणूस, छोटा भीम बघायला जातो वगैरे. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून उत्तर दिलं नाही. आता देतो. चहा घेऊन बस.

भीम आपल्या गावाला परका नाहीच. तो बनतो हैदराबादेत, राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्डमध्ये, आणि हैदराबाद म्हणजे आपल्या पूर्वभागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, निम्म्या घरांचे सोयरे. २००८ मध्ये पोगोवर आला तेव्हापासून इकडची पोरं त्याला घरचाच समजतात. पिक्चरची गोष्ट त्यांच्याच २०१२ च्या कार्टूनपटाची, दमयान नावाच्या दुष्टाच्या शापाची. त्यातल्या नगरीचं नाव सोनापूर. घरी सांगितलं, 'सोनापूरचा पिक्चर बघायला चाललोय,' तर मुंबईच्या आत्याबाई आलेल्या, त्या एकदम गप्पच झाल्या. त्यांच्या गिरगावात सोनापूर म्हणजे मसणवटा! मी म्हटलं, आत्या, आपल्या सोलापूरचंही जुनं नाव सोन्नलगी, घाबरू नका.

दिग्दर्शन खुद्द चिलका यांचंच, म्हणजे परक्यानं येऊन वाट लावली असं म्हणायला जागा नाही. अनुपम खेर गुरू शंभू झालेत. मकरंद देशपांडे स्कंधी. मकरंदचं बरं आहे, ते डोळे आणि ते केस, त्याला कार्टून करायला वेगळं काही लागतच नाही. यज्ञ भसीन नावाचा मुलगा भीम झालाय, गुणी आहे, पण आपल्या डोक्यातल्या भीमाहून चांगलाच थोराड. मध्यंतरापर्यंत भाचा गप्प होता. मग एका हाणामारीनंतर माझ्या कानाशी लागून म्हणाला, 'मामा, हा भीम दमतोय.'

पिंट्या, एवढ्यासाठी मला दोन तिकिटांचे पैसे वसूल वाटले. आठ वर्षांच्या पोरानं दुखणं अचूक पकडलं होतं. कार्टूनमधला भीम लाडू खातो, डोंगर उचलतो, आणि त्याची छाती वरखाली होत नाही. खरा मुलगा उभा केलास की त्याला श्वास आला, खांदे आले, उडी मारल्यावर जमिनीवर पडायचं वजन आलं. या वजनाचं करायचं काय, हे ज्याला सुचतं त्याचा पिक्चर उभा राहतो. बाकीचे ते कॉम्प्युटरच्या धुरात लपवत बसतात. हा पिक्चर लपवणाऱ्यांतला होता, आणि फार चाललाही नाही.

आठवतंय का, दूरदर्शनवर हीमॅन लागायचा? तुमच्या घरी, शटरच्या टीव्हीवर. काळ्यापांढऱ्यात. त्याचा तो बॅटलकॅट हिरवा असतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं! तोवर मी त्याला साधा पट्ट्यांचा वाघ समजत होतो. पुढं त्याचा १९८७ चा पिक्चर आपण भाड्याच्या सीडीवर बघितला आणि अर्ध्यावर तू शिव्या घालत उठून गेलास. बरोबरच होतं तुझं. त्यात बॅटलकॅट नाही. हीमॅनचं साधं रूप असलेला प्रिन्स अ‍ॅडम नाही. ऑर्को हा छोटा जादूगार हवेत तरंगतो, तेवढं तरंगवणं झेपणार नव्हतं म्हणून त्याच्या जागी ग्विल्डोर नावाचा दुसराच बुटका. आणि एटर्निया, म्हणजे हीमॅनचं जग, दाखवायला पैसा लागतो म्हणून सगळ्यांना उचलून अमेरिकेतल्या एका साध्या गावात आणून टाकलं. हीमॅन झालेल्या डॉल्फ लुंडग्रेनचे दंड मात्र कार्टूनपेक्षा मोठे.

पण तू उठून गेलास म्हणून तुझा खलनायक स्केलेटॉर हुकला. तो केलाय फ्रँक लँगेलानं, रंगभूमीवरचा मोठा नट. कवटीचा मुखवटा, आतून नुसते डोळे आणि आवाज, आणि गडी असा बोलतो की जसं काही राजदरबारातलं नाटकच चाललंय. त्यानं ही भूमिका का घेतली ठाऊक आहे? त्याचा लहान मुलगा हीमॅनचं नाव घेत घरभर तलवार नाचवत फिरायचा, म्हणून. आणि आपल्या आवडत्या भूमिकांत तो स्केलेटॉरचं नाव घेतो. एवढ्या मोठ्या माणसाला पोराच्या खेळाची लाज वाटली नाही. त्या पडक्या पिक्चरमध्ये त्याचा एकट्याचा भाग आजही बघण्यासारखा आहे तो त्यामुळं, असं माझं मत.

१९९० चा निन्जा कासवांचा पिक्चर बघ. तिथं माणसं खरोखर कासवाच्या पोशाखात कोंबली होती. बाहुल्या करणाऱ्या जिम हेन्सनच्या कारखान्यात ते पोशाख बनवले, तोंडाच्या आत मोटारी, ओठ-भुवया हलवायला बाहेर दुसरा माणूस रिमोट घेऊन उभा, आणि आतला नट घामानं निथळतोय. धंद्याच्या नजरेनं बघितलं तर काय काम आहे ते! एक कोटी पस्तीस लाख डॉलरमध्ये झाला आणि वीस कोटींच्या वर कमावले. कासवं जड आहेत, दाराला आपटतात, पिझ्झा खाताना चीज लोंबतं. वजन लपवलं नाही, कामाला लावलं.

आणि याच्या अगदी उलटी गंमत पॉवरपफ गर्ल्सची. तुझ्या बहिणीच्या आवडीच्या, तीन मुली, हाताला बोटंही नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीनं त्यांची खऱ्या नट्यांची मालिका करायला घेतली. तर त्यात काय, म्हणे मुली आता विशीत आहेत, वैतागलेल्या आहेत, आणि गुन्हेगार पकडण्यात बालपण वाया गेलं म्हणून चिडलेल्या आहेत. पहिला भाग शूट झाला, पसंत पडला नाही, पुन्हा करू म्हणाले, शेवटी २०२३ मध्ये सगळं गुंडाळलं. अरे, ज्या पोरी नाश्त्याच्या आधी राक्षस बडवतात आणि वेळेवर झोपतात, त्यांना तू बालपण गेलं म्हणून रडायला लावतोस? ज्याला मूळ गोष्टीचीच लाज वाटते त्यानं तिला हात लावू नये. तिच्या जिवावर दुकान थाटायचं आणि वर 'आम्ही मोठ्यांसाठी करतोय' म्हणायचं, हे नवरीच्या दागिन्यांवर वरात काढण्यासारखं आहे.

आता तू वकिलासारखा मध्येच बोलशील, मला माहीत आहे. 'मग दिग्दर्शक श्यामलनचं काय?' तो तर बापाच्या मायेनंच गेला होता. त्याच्या मुलीला एअरबेंडर या कार्टून मालिकेतल्या कटाराचा वेश करायचा होता, तिथून ती मालिका त्याच्या घरात शिरली. तरी २०१० चा पिक्चर असा झाला की कार्टूनवर जीव असलेली पोरं अजून त्याचं नाव काढलं की तोंड फिरवतात. वीस भागांची गोष्ट १०३ मिनिटांत कोंबली. आणि त्यातल्या नायक पोराचं नाव 'अँग', ते यात सगळे 'ऑंग' म्हणतात. स्वतःच्या लग्नात भटजीनं आपलं नाव चुकवावं तसं. मला यावर उत्तर नाही. माया असून कटिंग चुकतं, हे माझ्या टेबलावरही होतं. पोटच्या पोराचा शर्ट मी दोनदा बिघडवलाय.

शक्तिमानचं मात्र तुला मान्य करावं लागेल. तो आधी खऱ्या माणसाचाच आला, सप्टेंबर १९९७. कार्टून निघालं २०११ मध्ये, आणि ते कुणाला आठवतंय? आपली आजी म्हणायची, 'भीष्माचार्यांनी या वयात हे काय अंगात घातलंय गं बाई!' महाभारतातला भीष्म तोच ना, मुकेश खन्ना. चाळिशीच्या उंबऱ्यावरचा माणूस, मरून रंगाचा घट्ट पोशाख, छातीवर सोनेरी चक्र, गरगर फिरून उडतो आणि शेवटी समोर बघून पोरांना दात घासायला सांगतो. एका डोळ्यानंही 'मी गंमत करतोय' असं म्हणत नाही. तारा दिसत होत्या, ढग खोटे होते. तरी आपण मानलं.

तो शक्तिमानचा ड्रेस लहानपणी मी केला होता ते तू सगळ्यांना सांगत असतोस, पण अर्धंच सांगतोस. आईचा वाइन रंगाचा परकर कापला, मार खाल्ला, इथवर तुझं बरोबर. पुढचं तुला माहीत नाही. दादांनी तो चिंधडा मशिनवर पसरला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, 'हात वर करून दाखव.' मी केला, तर काखेत टर्रकन फाटला. म्हणाले, 'उडणारा माणूस हात वर करणार की नाही? मग इथं जागा कुणी सोडायची, तुझ्या बापानं?' आणि त्यांनीच रात्री काखेत चौकोनी जोड घालून सबंध ड्रेस परत शिवला. त्या जानेवारीत गड्ड्यात, सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर, विमानाच्या पडद्यासमोर आपण फोटो काढला ना, त्यात माझा हात सरळ वर आहे बघ. तुझा वाकडा आहे, कारण तू स्वेटरवर चक्र चिकटवून आला होतास.

त्या दिवसापासून कुठलाही असला पिक्चर बघताना माझी नजर आधी काखेत जाते. हसू नको. १९८९ च्या बॅटमॅनला त्या रबरी टोपामुळं मान वळवता येत नव्हती, बाजूला बघायचं तर सबंध धड फिरवायचा. जगाचं रक्षण करणारा माणूस आणि मागून कोण आलंय ते बघता येत नाही! आमच्याकडं असा शर्ट गेला असता तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकला असता.

असो. तर लेकीच्या ड्रेसचं ऐक. उघड्या अंगासाठी फिकट गव्हाळ रंगाची होजिअरी घेतली, बाजारात 'स्किन कलर' म्हणून जे गुलाबी फडकं मिळतं ते आपल्या कुणाच्याच कातडीचं नसतं, म्हणून दोन दुकानं जास्त फिरलो. धोतर शिवलेलं आहे, आत इलॅस्टिक, वर नारिंगी पट्टा नुसता दिसण्यापुरता. निऱ्या ठेवल्यात. कार्टूनमध्ये नाहीत, माहीत आहे. पण ती स्टेजवर पळणार, तेव्हा कापड हललेलं दिसू दे. दमली तर दमू दे. डोक्याला ते फुगवलेलं मुखवट्याचं प्रकरण मी केलेलं नाही, आत गुदमरायला होतं. तिचा अंबाडा वर बांध, काजळानं भुवया जाड कर, बास. काखेत काय केलंय ते तू ओळखलं असशीलच.

लाडू मात्र खरे दे हातात. बाई थर्माकोलचे म्हणतील, ऐकू नको.

इकडचं ठीक. काकूंचा गुडघा आता बरा आहे, परवा चालत सिद्धेश्वराला जाऊन आल्या आणि मला न सांगता तलावाच्या कडेनं फेरीही मारली. तुझं घर बंद बंद वाटतं म्हणून मी आठवड्यातून एकदा खिडक्या उघडून येतो. गड्ड्याला ये. हुतात्मा एक्स्प्रेस पकड. भाच्याला सांगितलंय की पुण्याहून भीम येणारे, तर तो विचारतो, 'तो दमतो का?'

धुताना गार पाणी, पिळायचं नाही, रंग पहिल्या दोन धुण्यांत थोडा जाईल. आणि तू दिलेलं माप दिवाळीचं आहे, पोरं या वयात महिन्यात वाढतात, म्हणून कमरेला आणि लांबीला दोन-दोन इंच शिवणीत आत ठेवलेत. गरज पडली तर तू उसवू नको, वहिनींना सांग.

तुझा,
बंड्या