ताई, ही तुमच्यावर रुसलेली नाही

प्रिय ताई आणि भाऊजी,
साष्टांग नमस्कार.

रविवारच्या व्हिडिओ कॉलनंतर तुझा मेसेज आला की ही एकदाही हसली नाही, आमचं काही चुकलं का. फोनवर हे सगळं बोलता येत नाही गं, कारण ही शेजारीच बसलेली असते आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल ‘ती अशी ती तशी’ बोललेलं तिला आवडत नाही, मलाही आवडत नाही. आत्ता ती झोपलीय, गोळीला अजून वेळ आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना हात थरथरणं तेवढं माहीत असतं. हिचा हात औषधानं आता बराच शांत असतो. पण चेहऱ्याचे स्नायू आखडतात त्याचं काय, हसू आतून येतं पण चेहऱ्यापर्यंत पोचायला उशीर होतो आणि कधी कधी पोचतच नाही. आवाज बारीक झालाय, अक्षर बारीक झालंय, हिनं तुला राखीच्या वेळी पाठवलेली चिठ्ठी वाचताना भाऊजींना भिंग लागलं म्हणालीस ते त्यामुळंच. आणि फोडणी करपेपर्यंत हिला कळलं कसं नाही असं तू मागं विचारलं होतंस ना, तर या आजारात बऱ्याच जणांचा वास घ्यायची शक्ती सगळ्यात आधी जाते, हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी. हिला आता हिंगाचा वास येत नाही, मोगऱ्याचा येत नाही. पण डोकं लख्ख आहे, सगळं ऐकते, सगळं लक्षात ठेवते. भाऊजींनी बँकेतला तो लॉकरच्या किल्लीचा किस्सा सांगितला तेव्हा हिनं टेबलाखाली माझा हात दोनदा दाबला, म्हणजे जाम आवडला. तुम्हाला स्क्रीनवर फक्त चेहरा दिसतो, हात मला कळतो.

आता दुसरी गोष्ट. ‘आता नाटकं नि म्युझियमं पुरे कर, तिला घरात आराम दे’ असं तू लिहिलंस. काळजीपोटी लिहिलंस हे मला माहितीय, पण ताई, मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते मी सांगणारच.

आमचा दिवस कसा जातो ते आधी ऐक. सगळं गोळीच्या घड्याळावर चालतं. गोळी लागू झाली की ही चालते, बोलते, स्वतः वेणी घालते, आणि तिचा असर उतरला की खुर्चीतून उठणंही अवघड. त्यात जेवणातलं प्रोटीन गोळीच्या आड येतं, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि डाळ, उसळ, पनीर असलं सगळं रात्रीच्या जेवणात. दुपारी भात-भाजी किंवा दडपे पोहे. (तुझ्या रेसिपीनं करतो, ओला नारळ इथं लंडनला फ्रोझन मिळतो.) मी काम कमी करून आठवड्याला दोन दिवसांवर आणलंय. सरकार केअरर्स अलाउन्स, म्हणजे काळजी घेणाऱ्याचा भत्ता म्हणून आठवड्याला थोडे पैसे देतं, त्यासाठी आठवड्यात किमान ३५ तास काळजी घेत असलं पाहिजे आणि स्वतःची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत राहिली पाहिजे. ३५ तास तर बुधवारपर्यंतच होऊन जातात. असो, पैशाचं रडगाणं गात नाही, आमचं भागतंय.

तर अशा दिवसात ती मधली चालती-बोलती वेळ असते ना, ती मी बँकेच्या रांगेत आणि घर पुसण्यात का घालवू? ती वेळ आम्ही चित्रांना आणि नाटकाला देतो. हॅरोच्या स्टेशनला आता लिफ्ट झालीय, ग्रीन पार्कलाही आहे, तिथं उतरून पुढं बस. बसला रॅम्प असतो आणि व्हीलचेअरवाल्याला तिकीट नाही. नॅशनल गॅलरीत कायमचा संग्रह सगळ्यांनाच फुकट आहे आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते, संध्याकाळी शाळांच्या सहली नसतात, गर्दी कमी, हिची खुर्ची नीट फिरवता येते.

तिथं रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं एक सेल्फ पोर्ट्रेट आहे, वयाच्या ६३ व्या वर्षी काढलेलं, १६६९ सालचं. त्याच वर्षी तो गेला. तोवर दिवाळं निघालेलं, बायको तर केव्हाच गेलेली, नंतरची सोबतीण गेली आणि आदल्याच वर्षी मुलगाही गेला. चित्रात काही नाही, काळसर कोट, डोक्याला टोपी, सुटलेले गाल, आणि एकमेकांत धरलेले हात. आम्ही गेलो की ही आधी तिथंच थांबायला सांगते. मी चेहरा बघतो आणि ही हात बघते. त्या चित्राचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की आधी त्यानं त्या हातात ब्रश रंगवला होता, नंतर तो पुसून नुसतेच जुळलेले हात ठेवले. हे हिला सांगितलं तेव्हा बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, ‘बरं केलं, आता कुणाला दाखवायचं काही उरलं नव्हतं.’ एवढं लांब वाक्य हिनं त्या आठवड्यात पहिल्यांदाच म्हटलं होतं गं. घरात सोफ्यावर आराम करून हे वाक्य आलं असतं का? मला नाही वाटत.

आणि नाच. हो, ही नाचाच्या क्लासला जाते, आईला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. इंग्लिश नॅशनल बॅले म्हणून इथली मोठी कंपनी आहे, त्यांचा खास पार्किन्सन्सवाल्यांसाठी क्लास असतो, कॅनिंग टाउनला. वेम्बली पार्कहून ज्युबिली लाईननं थेट. सुरुवात खुर्चीत बसून, नुसते हात, मान, खांदे, मग ज्यांना जमेल ते उभे राहतात, पियानो प्रत्यक्ष वाजत असतो, रेकॉर्ड नाही. शिकवणारे पेशंटसारखं वागवत नाहीत, डान्सरसारखं वागवतात, हात कोपरापासून नको खांद्यापासून उचला म्हणून टोकतात. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. दवाखान्यात सगळे हिला विचारतात काय जमत नाही, तिथं विचारतात अजून थोडं जमेल का.

तालाचं तर मी रोज घरात बघतो. या आजारात माणूस चालता चालता एकदम थिजतो, विशेषतः दारात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि मागून ओढलं किंवा ‘चल चल’ केलं तर उलट पडायची भीती. अशा वेळी मी शेजारी उभा राहतो आणि मांडीवर केरवा धरतो, धा गे ना ती न क धी न, दुसऱ्या आवर्तनाला हिचा पाय सुटतो. यात चमत्कार काही नाही, आपोआप चालायचं जे मेंदूचं काम असतं ते बिघडलेलं असतं पण बाहेरून ठेका मिळाला की दुसऱ्या वाटेनं पाय हलतो, फिजिओवालेही हेच वापरतात, ते फक्त मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक ठेका देणारं यंत्र, लावतात. आता तू सांग, जिला स्वयंपाकघराचं दार ओलांडायला केरवा लागतो तिला मी गाणं-बजावणं चैन आहे असं कसं म्हणू?

गंमत म्हणजे हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला तोही याच शहरात, हॉक्स्टनला राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरनं, १८१७ साली. सहा जणांवरून लिहिलं, त्यातले काही तर त्यानं नुसते रस्त्यात चालताना पाहिले होते. माणूस कसा चालतो हे इतकं बारकाईनं बघणं, मला तर ती नजर चित्रकाराचीच वाटते.

आपल्याकडं काही नाही असंही नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं पेशंट आणि घरचे दोघंही येतात, आणि हृषीकेश पवार पुण्यात अशा लोकांना नाच शिकवतात. भाऊजींच्या मावशींना गेल्या वर्षी हेच निदान झालं ना, त्या कोथरूडलाच आहेत, त्यांना कुणीतरी घेऊन जा. त्यांच्या सुनेला आधी घेऊन जा खरं तर, तिला बोलायला माणसं मिळतील.

एक मात्र मला मनापासून लागतं. आपण सांगलीचे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक सुरू केलं ते आपल्या गावात, ५ नोव्हेंबरला अजून तिथं सोहळा होतो, बाबा आपल्याला लहानपणी कडेवर घेऊन नाटकाला न्यायचे. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी नाट्यगृहांत आज व्हीलचेअर घेऊन गेलं तर ती ठेवायची कुठं हा प्रश्न, पायऱ्यांवरून चार जणांनी उचलून न्यायचं, आणि बाथरूमचं तर बोलायलाच नको. इथं बऱ्याच थिएटरांत व्हीलचेअरची जागा बुक करता येते, सोबत्याचं तिकीट फुकट किंवा कमी किमतीत असतं, कॅप्शनवाले, म्हणजे संवाद लिहून दाखवणारे, प्रयोग असतात. नॅशनल थिएटरच्या मोकळ्या दालनात तर नाटक न बघता नुसतं दिवसभर बसलं तरी कुणी उठवत नाही, आम्ही डबा घेऊन जातो. हे श्रीमंतीनं होतं असं मला वाटत नाही गं, इथं सुद्धा अपंग लोकांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलंय. आयुष्यभर पहिल्या रांगेचं तिकीट काढून नाटकं बघितलेली आपली म्हातारी माणसं शेवटची दहा-पंधरा वर्षं नाटकाविना काढतात, आणि घरचे म्हणतात आता काय करायचंय त्यांना नाटक. भाऊजी नाट्यमंडळाच्या मीटिंगला जातात ना, त्यांनी हा विषय काढावाच. एक लाकडी रॅम्प आणि शेवटच्या रांगेतल्या दोन खुर्च्या काढायच्या, एवढ्यानं सुरुवात होते.

माझ्याबद्दलही विचारलंयस. पाठ दुखते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं कारण हिला कुशीवर वळायला मदत लागते. पण मी दमलोय म्हणून उदास नाहीये. नाटक बघून आलो की परतीच्या गाडीत आम्ही भांडतो, हिला नट आवडलेला असतो आणि मला नसतो, ही तीन शब्दांत बोलते आणि मी तीस शब्दांत, आणि तरी तीच जिंकते. तेवढा वेळ मी केअरर नसतो आणि ही पेशंट नसते, आम्ही नवरा-बायको असतो. हे मी आरामाच्या नावाखाली सोडणार नाही.

आता कामाचं. डिसेंबरात आम्हाला यायला जमणार नाही, एवढा लांबचा विमान प्रवास गोळ्यांच्या वेळांसकट सध्या हिला झेपणार नाही असं नर्सही म्हणाली. त्यापेक्षा तूच ये मे महिन्यात, महिनाभर तरी. व्हिसाला बँकेचे सहा महिन्यांचे कागद लागतील, भाऊजींना आत्ताच काढून ठेवायला सांग, आमंत्रणाचं पत्र मी पाठवतो. येताना मेतकूट आण आणि हिच्यासाठी दोन गाऊन, पुढून उघडणारे, पण बटणाचे नकोत, चिकटपट्टीवाले आण, बटणं हिला लावता येत नाहीत आणि मी लावलेली आवडत नाहीत. आणि पुढच्या रविवारी कॉलवर हिला काही विचारलंस तर उत्तराला जरा वेळ दे, दुसरा प्रश्न लगेच विचारू नकोस. ती बोलेल.

आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा