मंत्री साहेब, टक्के किती हे नंतर बघू, टक्के कशावर ते आधी करारात लिहायला लावा

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री साहेब,

सादर नमस्कार.

मी पुण्यात छोट्या हॉटेलांचे हिशेब बघतो. मिसळवाले, थाळीवाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, घराच्या मागच्या खोलीत बिर्याणीचं किचन टाकलेली मुलं, असे लोक. त्यांची जीएसटीची रिटर्न भरायची, बँकेचे कागद करून द्यायचे आणि फूड डिलिव्हरी ॲपवरून दर आठवड्याला जे पेमेंट येतं ते ऑर्डरशी जुळवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात किचकट आहे आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

आधीच सांगतो, कमिशन कमी करा अशी मागणी घेऊन मी आलेलो नाही. कंपनीने ॲप बनवलं, रायडर उभे केले, गिऱ्हाईक आणून दिलं, तर तिने पैसे घ्यावेत, २० घ्यावेत, २४ घ्यावेत, तो दोघांचा सौदा आहे. पण २४ टक्के म्हणजे कशाचे २४ टक्के हे करारात सरळ एका वाक्यात लिहिलेलं पाहिजे आणि तसं लिहिणं कायद्याने सक्तीचं पाहिजे. आज तसं नाहीये, आणि त्यामुळे जे होतं ते मी रोज बघतो.

एक ऑर्डर घेऊ. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी निवडलेत, पण यातली प्रत्येक अट मी खऱ्या करारांमध्ये वाचलेली आहे. दोन थाळ्या, ४०० रुपये. पॅकिंग २० रुपये. ॲपवर १०० रुपयांची ऑफर चालू आहे आणि ती ऑफर हॉटेलच्या खिशातून आहे. म्हणजे गिऱ्हाईकाने जेवणाचे दिले ३२०, त्यावर ५ टक्के जीएसटी १६, झाले ३३६. डिलिव्हरी चार्ज आणि प्लॅटफॉर्म फी वेगळी, ती कंपनीकडे जाते, तिचा इथे संबंध नाही.

आता यावर २४ टक्के काढा. ऑफर वजा करून नुसत्या जेवणावर म्हणजे ३०० वर काढले तर ७२ रुपये. पॅकिंग धरून ३२० वर काढले तर ७६ रुपये ८० पैसे. ऑफर वजा करायच्या आधीच्या ४२० वर काढले तर १०० रुपये ८० पैसे. आणि त्यात टॅक्सही मिळवला, म्हणजे ४३६ वर काढले, तर १०४ रुपये ६४ पैसे. टक्का तोच, ऑर्डर तीच, जेवण तेच, आणि आकडा ७२ पासून १०४ पर्यंत फिरतो. जे १०० रुपये हॉटेलला कधी मिळालेच नाहीत त्यांच्यावरही कमिशन, आणि जो १६ रुपये टॅक्स सरकारचा आहे त्याच्यावरही कमिशन. १ जानेवारी २०२२ पासून तर ॲपवरच्या जेवणाचा हा जीएसटी कंपनीच गोळा करून भरते, हॉटेलच्या हातात तो येतसुद्धा नाही, तरी तो बेसमध्ये, म्हणजे ज्या रकमेवर टक्का काढतात तिच्यात, धरलेला असू शकतो कारण करारात "ऑर्डर व्हॅल्यू" या शब्दाची व्याख्या तशी केलेली असते.

बरं इथे संपत नाही. कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. १०४.६४ चे झाले १२३.४८. मोठ्या धंद्यात हा १८ टक्के इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, पण हॉटेलवाला ५ टक्क्यांच्या स्कीममध्ये आहे आणि नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्केवाल्याला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे तो सगळा खर्चच. मग पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेण्याच्या सोयीचे, २ टक्के, तेही गिऱ्हाईकाने भरलेल्या पूर्ण ३३६ वर, ६.७२, त्यावर परत १८ टक्के, ७.९३. एकूण कापले १३१ रुपये ४१ पैसे. हॉटेलला आले १८८ रुपये ५९ पैसे. म्हणजे ज्याला फोनवर "सर फक्त २४ पर्सेंट" सांगितलं होतं त्याचे ३२० वर ४१ टक्के गेले. जाहिरातीचे पैसे मी धरलेलेच नाहीत, ते अजून वेगळे.

तोच २४ टक्के जर ३०० वर धरला असता तर सगळं कापून २२७ रुपये ११ पैसे आले असते. फरक ३८ रुपये ५२ पैसे. दिवसाला ४० अशा ऑर्डर धरा, महिन्याला ४६ हजार २२४ रुपये. साहेब, छोट्या हॉटेलात या पैशात आचारी ठेवता येतो. आणि हा फरक कमिशनचा रेट वाढल्यामुळे पडलेला नाही, एका व्याख्येमुळे पडलाय.

लोक मला विचारतात, दादा ऑर्डर तर वाढल्यात मग पैसे कुठे जातायत. मी त्यांना स्टेटमेंट उघडून दाखवतो तेव्हा त्यांच्या तोंडावरचं बघवत नाही, कारण ही माणसं हिशेबाला कच्ची नाहीत, कांद्याचा भाव दोन रुपयांनी हलला तरी त्यांना प्लेटमागे काय फरक पडतो ते तोंडपाठ असतं. त्यांना फक्त कोणी सांगितलेलं नसतं की टक्का कशावर आहे. सेल्सवाला मुलगा येतो, टक्का सांगतो, मोबाईलवर ओटीपी येतो, तो त्याला सांगितला की करार झाला. व्याख्या असतात एका लिंकमध्ये, इंग्रजीत, आणि त्या व्याख्येतून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या पानावर. बऱ्याचदा "वेळोवेळी बदलू शकेल" हेही तिथेच लिहिलेलं असतं.

टक्क्याची अजून एक गंमत नसलेली गोष्ट आहे, ती म्हणजे उलटा हिशेब. २४ टक्के कापतात तर मेन्यूचा रेट २४ टक्क्यांनी वाढवू, असं जवळजवळ प्रत्येक जण करतो. १०० चे १२४ करतो. पण कंपनी १२४ वर २४ टक्के कापते, २९.७६, आणि त्यावर जीएसटी धरला की ३५.१२. हातात येतात ८८.८८. शंभराचे शंभर हातात यायला रेट जवळजवळ १४० करावा लागतो. आणि तेवढा करायला गेलं तर काही करारांत अट असते की ॲपवरचा रेट तुमच्या स्वतःच्या काउंटरच्या रेटपेक्षा जास्त ठेवायचा नाही. मग माणसाने करायचं काय? नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन मोठ्या डिलिव्हरी कंपन्यांच्या चौकशीचा जो आदेश दिला त्यात ही रेट सारखा ठेवायची अट हा एक मुद्दा होता. पण ती चौकशी स्पर्धेची आहे, कंपन्यांच्या करारांमुळे आणि वागण्यामुळे बाजारातल्या स्पर्धेला धक्का बसतो का याची. कमिशनचा बेस नीट लिहिलाय का हा प्रश्न तिथे सुटणार नाही.

तसंच "किमान" ची अट. २४ टक्के किंवा ३० रुपये, जे जास्त असेल ते. ९० रुपयांची पोहे-चहाची ऑर्डर असेल तर २४ टक्क्याने २१.६० होतात, पण कापले जातात ३०, म्हणजे ३३ टक्के. नाश्त्यावर चालणाऱ्या माणसाचा कराराचा टक्का २४ कधी नव्हताच, तो पहिल्या दिवसापासून ३३ होता. आणि रिन्यूअलच्या वेळी २० वरून २४ करताना "चारच टक्के वाढवतोय" म्हणतात तेव्हा कमिशन वीस टक्क्यांनी वाढलेलं असतं.

आता कायदा काय म्हणतो. आपला करार कायदा १८७२ चा. जबरदस्ती, फसवणूक, चुकीची माहिती यावर त्यात कलमं आहेत, पण एकतर्फी अटींसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २००६ साली १९९ व्या अहवालात नेमक्या याच विषयावर, करारातल्या अन्याय्य अटींवर, कायदा करा म्हणून शिफारस केली होती. सुप्रीम कोर्टाने १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली निकालात सांगितलं की ताकदीत मोठा फरक असेल तर अशी अट कोर्ट मानणार नाही, पण त्याच निकालात हेही आहे की दोन्ही बाजू व्यापारी असतील आणि व्यवहार धंद्याचा असेल तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. ग्राहक कायद्यात जावं तर व्यापारी कामासाठी सेवा घेणारा ग्राहक नाही, पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे खरी, पण हाताखाली सहा माणसं असलेल्या हॉटेलवाल्याने ती सिद्ध कशी करायची आणि त्यासाठी दुकान बंद ठेवून किती तारखा करायच्या? म्हणजे कागदावर तो व्यापारी, आणि सौद्यात मात्र त्याला एक शब्द बदलता येत नाही.

कोणी म्हणेल की दोन धंदेवाल्यांच्या करारात सरकारने पडू नये. पण सरकार पडलेलं आहे आणि त्याने चांगलं झालंय. रिझर्व्ह बँकेचंच बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल आणि एमएसएमईच्या (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) टर्म लोनसाठी बँकेला "की फॅक्ट स्टेटमेंट", म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद, द्यावं लागतं, त्यात नुसता व्याजदर नाही, सगळे चार्ज धरून वर्षाचा एकच टक्का द्यावा लागतो, तो काढला कसा ते दाखवावं लागतं, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, आणि जो चार्ज त्यात लिहिलेला नाही तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय मध्येच लावता येत नाही. माझ्या त्याच हॉटेलवाल्याने तंदूर घ्यायला तीन लाखाचं कर्ज काढलं तर त्याला हे सगळं मिळतं. आणि वर्षाला त्यापेक्षा जास्त कमिशन तो ज्या करारावर देतो त्या करारात त्याला यातलं काहीही मिळत नाही!

फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्रात लोडिंगने, म्हणजे वापरायच्या जागेपेक्षा जास्त फूट धरून पैसे लावण्याने, लोकांना किती रडवलं ते तुम्हाला मुंबईत राहणारा कोणीही सांगेल. स्क्वेअर फुटाचा रेट एकच, पण फूट कार्पेटचे की बिल्टअपचे की सुपर बिल्टअपचे ते बिल्डर ठरवायचा. २०१६ च्या रेरा कायद्याने रेटला हात लावला नाही, कार्पेट एरियाची व्याख्या कायद्यातच लिहून टाकली. बिल्डरांचा धंदा त्याने बंद पडला नाही. युरोपीय संघात जुलै २०२० पासून नियम लागू आहे की ऑनलाइन प्लॅटफॉर्मने धंदेवाल्यांशी केलेल्या अटी साध्या समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत आणि बदलायच्या तर निदान १५ दिवस आधी कळवायचं.

माझी विनंती अशी आहे. ई-कॉमर्सच्या धोरणाचं काम तुमच्याच मंत्रालयाकडे, त्यातल्या डीपीआयआयटी या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे आहे. टक्केवारीने पैसे कापणाऱ्या प्रत्येक प्लॅटफॉर्मला करारासोबत एक पान सक्तीचं करा, हॉटेलवाल्याच्या भाषेत, आमच्याकडे मराठीत. त्या पानावर टक्का किती आणि तो कोणत्या रकमेवर हे लिहिलेलं हवं, म्हणजे ऑफर वजा करून की न करता, पॅकिंग धरून की सोडून. टॅक्सची रक्कम मात्र कमिशनच्या बेसमध्ये कधीच धरायची नाही, हे नियमातच टाका, त्याला पर्याय ठेवू नका. सरकारच्या पैशावर खासगी कंपनीने कमिशन घ्यायचं कुठलंही कारण मला तरी सापडलेलं नाही. त्याच पानावर एका छोट्या, एका मध्यम आणि एका ऑफरवाल्या ऑर्डरचा पूर्ण हिशेब छापलेला हवा, शेवटी हातात किती येणार त्या आकड्यापर्यंत, आणि सगळं मिळून गिऱ्हाईकाने जेवणाचे दिलेल्या रकमेच्या किती टक्के कापले जातात तो एकच आकडा मोठ्या अक्षरात. पानावर नसलेला चार्ज कापायचा नाही. बेसची व्याख्या बदलली तर ती रेट बदलल्यासारखीच धरायची, ३० दिवस आधी कळवायचं, नुसतं ॲप उघडलं म्हणून मंजुरी मिळाली असं मानायचं नाही.

आणि आठवड्याचं स्टेटमेंट ऑर्डरवार द्यायला लावा, ज्यात प्रत्येक कपातीसमोर ती कोणत्या रकमेवर काढली ते दिसेल. आज बऱ्याच ठिकाणी एकत्र रक्कम येते आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन उलटं शोधत बसतो की २४ टक्के नक्की कशाचे लावले असतील. कॅन्सल झालेल्या ऑर्डरचे परत मिळणारे पैसेही टक्क्यातच असतात, आणि तिथला बेस परत वेगळा. हे शोधायचं काम हॉटेलवाल्याचं नाही, माझंही नाही.

हा नियम फक्त जेवणाच्या ॲपपुरता ठेवू नका. कॅब चालवणारे, ऑनलाइन साड्या विकणाऱ्या बायका, घरोघरी पार्लरची सेवा देणाऱ्या मुली, यातल्या ज्यांचे ज्यांचे पैसे टक्क्याने कापले जातात त्या सगळ्यांचा प्रश्न हाच आहे.

नियमाचा मसुदा करताना मोठ्या असोसिएशन आणि कंपन्यांचे वकील येतीलच. पण त्या बैठकीला सहा-सात टेबलांचं हॉटेल चालवणारे चार-पाच जण पण बोलवा, पुण्याचे, सोलापूरचे, नागपूरचे, आणि त्यांना आपापलं मागच्या आठवड्याचं स्टेटमेंट सोबत आणायला सांगा. कंपनीच्या माणसाने त्यातली कुठलीही एक ऑर्डर घेऊन पैसे कसे कापले ते त्यांना तिथेच समजावून सांगावं. मी स्टेटमेंटच्या प्रती, नावं झाकून, तुमच्या कार्यालयाला द्यायला तयार आहे.

आपला,
छोट्या हॉटेलांचे हिशेब बघणारा एक जण,
पुणे