‘आवश्यकतेनुसार पाणी’ म्हणजे किती?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या न्याहारीच्या पाककृती वाचल्या. घावन, नारळाचा रस, साबुदाण्याची खिचडी ही निवड छान; पण घावनाच्या कृतीत ‘आवश्यकतेनुसार पाणी’ एवढेच छापले आहे, वर ‘पीठ रात्रभर आंबवा’ असेही. आंबवले की ते घावन कसले? ती आंबोळीची वाट. तिला तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडदाची डाळ आणि चमचाभर मेथ्या लागतात. घावनाला तांदळाचे पीठ, पाणी, मीठ, बस्स.

सारा खेळ पाण्याचा आहे. वाटीभर पिठाला दोन वाट्या पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून वीस मिनिटे मुरू द्यावे. डाव बुडवून उचलला की ताकासारखी धार पडली पाहिजे. नाही पडली तर आणखी दोन-चार चमचे पाणी. गिरणीतून दळून आणलेले पीठ आणि पाकिटातले पीठ सारखे पाणी पीत नाही, म्हणून धार बघायची. मोदकासाठी आणलेले आंबेमोहराचे पीठ मात्र इथे नको. ते चिकट, तव्याला धरून बसते.

बिडाच्या तव्यावर अर्ध्या कांद्याने तेल फिरवावे. पाण्याचा थेंब टाकताच चुर्र झाले पाहिजे, इतका तवा तापलेला हवा. मग वाटीने पीठ कडेकडून आत ओतत यावे. डावाने पसरायचे नाही, डोशाची सवय इथे नडते. पीठ तव्याला लागताच पाण्याची वाफ उसळून वर येते आणि भोके पडतात, तीच जाळी. तवा कोमट असला की वाफेला जोर नसतो आणि घावन चामड्यासारखे होते. झाकण ठेवून मिनिटभर थांबावे, कडा सुटल्या की काढावे. पहिली दोन-तीन फाटली आणि शेवटची जाड झाली तर तव्याला बोल लावू नये: पिठाचा साका पातेल्याच्या तळाशी बसतो, वर पाणीच राहते. दर घावनाला तळापासून ढवळायला हवे. गरम घावने एकावर एक रचली तर चिकटतात, ती आधी पसरून ठेवावीत.

सोबतच्या रसाला ‘उकळी आणा’ असे छापले आहे. गूळ घातलेला नारळाचा रस उकळला तर हमखास फुटतो. एका नारळाचे खोबरे कोमट पाण्यात वाटून पिळले की दीड-दोन वाट्या दाट रस निघतो. त्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ न तापवताच विरघळवावा, वेलची आणि चिमूटभर मीठ घालावे. रविवारी अकराला नाश्ता-जेवण एकच करणाऱ्या घरांनी तो तोवर फ्रिजमध्ये ठेवावा. मुंबईच्या उकाड्यात बाहेर राहिला तर आंबूस लागू लागतो.

साबुदाण्याचेही तेच. ‘भिजेल एवढे पाणी’ म्हणजे दोनदा धुऊन निथळल्यावर दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढे. चार-पाच तासांनी दाणा चिमटीत सहज दबायला हवा. पाणी जास्त झाले की खिचडीचा गोळा होतो. वाटीभर साबुदाण्याला अर्धी वाटी दाण्याचे कूट कढईत जाण्यापूर्वीच चोळावे, म्हणजे दाणे सुटे राहतात.

पुढे आंबोळी छापणार असाल तर एक विनंती: मे महिन्यात मुंबईत पीठ सहा-सात तासांत फुगते, जानेवारीत दहा-बारा तास घेते. ‘रात्रभर’ लिहू नका, तास लिहा.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई