जेफ बकली एकटा गायचा, त्याबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अमेरिकी गायक जेफ बकलीवर आलेला लेख वाचला. या गायकाला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, याचाच आधी आनंद झाला. पण लेख वाचून संपला तरी त्यात गाणं काही सापडेना. वडील टिम बकली, तेही गायक आणि तेही अकाली गेलेले. १९९४ चा ‘ग्रेस’ हा हयातीत आलेला एकमेव स्टुडिओ अल्बम. लेनर्ड कोहेनचं, पण याने गायलेलं ‘हालेलुया’ हे गाणं. आणि २९ मे १९९७ रोजी मेम्फिसला वुल्फ नदीत पोहताना बुडून, अवघ्या तिसाव्या वर्षी आलेलं मरण. यातलं काहीच चूक नाही. पण आम्हा चाहत्यांना विचाराल, तर आमचा जीव जडला तो त्याच्या एकट्याने गाण्यावर. मागे वाद्यवृंद नाही, हातात एक गिटार, समोर पन्नासेक माणसं. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये सेंट मार्क्स प्लेसवर ‘शिने’ नावाचा एक चिमुकला कॅफे होता. मंच असा नव्हताच, भिंतीशी जागा करून गायचं. १९९२ च्या सुमारास बकली तिथे सोमवारी रात्री गायला लागला आणि बघता बघता रेकॉर्ड कंपन्यांच्या लांबलचक गाड्या त्या गल्लीत उभ्या राहू लागल्या. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्ध केलं. १९९३ च्या नोव्हेंबरात त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तीही स्टुडिओतली नव्हे, याच कॅफेतली. त्यात गाणी चारच. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमधली तिथली बाकीची मुद्रणं २००३ मध्ये दोन डिस्कच्या संचात बाहेर आली. गाण्यांमधल्या गप्पाही त्यात स्वतंत्र क्रमांक देऊन ठेवल्या आहेत. ज्याने कोणी हे ठरवलं, त्याला बकली कळला होता!

या संचात एक जागा अशी आहे, की ती आपल्याकडच्या माणसाने ऐकलीच पाहिजे. बकली नुसरत फतेह अली खाँ यांच्याबद्दल बोलू लागतो. तो माझा एल्विस (प्रेस्ली) आहे, म्हणतो. समोरच्यांना ही गंमत वाटते. आणि मग हा कॅलिफोर्नियात वाढलेला पोरगा ‘ये जो हलका हलका सुरूर है’ सुरू करतो. भाषा येत नाही, नुसतं ऐकून ऐकून पाठ केलेलं. उच्चार घसरतात, हे आपल्या कानाला लगेच कळतं. पण सूर लावण्यात थट्टा नाही की नक्कलही नाही. साथीला हार्मोनियम नाही, कोरस नाही, आणि तरी तो ते एकट्याच्या गळ्यावर रेटून नेतो. मी कव्वाली ऐकतच मोठा झालो, तरी दरवेळी इथे हातातलं काम थांबतं.

एकट्याने गाणं म्हटलं की लोकांना साधी लाकडी गिटार आठवते. बकलीच्या हातात बहुतेक वेळा इलेक्ट्रिक असे, फेंडरची टेलिकास्टर. तिचा आवाज स्वच्छ, किंचित घुमारा दिलेला. एक स्वरगुच्छ छेडून तो विरेपर्यंत थांबायचं आणि त्या पोकळीत गळा फिरवायचा. मागे ढोल असता तर ही जागाच मिळाली नसती. ‘ग्रेस’मधल्या ‘मोजो पिन’ची सुरुवात कॅफेतल्या मुद्रणात ऐका. शब्द यायच्या आधी तो कितीतरी वेळ नुसता आवाज लावत बसलेला असतो. आलापी ऐकून तयार झालेल्या कानाला त्यात नवल वाटत नाही. तीच चीज, रोज निराळी.

सगळंच थोर होतं असं मात्र नाही. काही गाणी तो फार ताणतो. गळा फिरतो म्हणून फिरवत राहायचा मोहही त्याला आवरत नाही. आणि फ्रेंच गायिका एडिथ पियाफपासून लेड झेपेलिन या रॉक बँडपर्यंत सगळ्यांची गाणी एकाच बैठकीत घ्यायची, तर एखादं फसणारच. गंमत म्हणजे त्याला तेच हवं होतं. नाव झाल्यावर, १९९६ च्या डिसेंबरात, तो ‘क्रॅकरोबॅट्स’, ‘फादर डेमो’, ‘मार्था अँड द निकोटीन्स’ अशी खोटी नावं लावून अमेरिकेतल्या लहान लहान कॅफेंमध्ये एकटाच गात फिरला. आपल्याला न ओळखणाऱ्या लोकांपुढे गाताना फसण्याची जी मुभा असते ती पुन्हा हवी होती, अशा अर्थाचं स्पष्टीकरण त्याने नंतर दिलं. नाव लपवून गाणारे असे किती निघतील?

आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांतही मेम्फिसच्या ‘बॅरिस्टर्स’ या बारमध्ये तो सोमवारी एकटाच गात होता, दुसऱ्या अल्बमची नवी गाणी लोकांपुढे घासूनपुसून बघत होता. साथीदार मुद्रणासाठी मेम्फिसला यायला निघाले त्याच संध्याकाळी तो नदीत उतरला. पुढे लोकांनी त्या मृत्यूभोवती वाट्टेल ते रचलं. शवविच्छेदनात दारू वा अमली पदार्थांचा संबंध आढळला नाही, तो अपघात होता. आपल्या लेखातलं ‘गूढ’ हे विशेषण तेवढं गाळता आलं असतं.

शिकागोच्या ‘अनकॉमन ग्राउंड’ कॅफेत तो १९९४ मध्ये असाच एकटा गाऊन गेला होता. तो गेल्यावर तिथे नोव्हेंबरात, त्याच्या जन्मदिवसाच्या सुमारास, त्याच्या स्मरणार्थ गाण्याचे कार्यक्रम होऊ लागले. तिथेही एकेकटे गिटार घेऊन गाणारे असत. चाहत्यांना काय जपावंसं वाटलं, ते यावरून कळावं.

तेव्हा विनंती एवढीच, की पुन्हा कधी त्याच्यावर लिहाल तेव्हा निदान एक परिच्छेद ‘शिने’ला द्या. आणि लेख वाचून ज्यांना त्याचं गाणं ऐकावंसं वाटलं असेल, त्यांनी ‘हालेलुया’ने सुरुवात करू नये. २००३ च्या संचातली ती कव्वाली आधी लावावी, तीही तिच्या आधीच्या गप्पांसकट.

कळावे,
आपला एक नियमित वाचक