ऑर्डरी खुशाल पुढे ढकला, पण छोट्या विमानांवर आधी कात्री नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मंदीची नुसती कुणकुण लागली आणि एखाद्या विमान कंपनीनं नवीन विमानांच्या ऑर्डरचा फेरविचार करतोय असं म्हटलं की लगेच व्हॉट्सअॅपवर सुरू होतं, कंपनी गेली, बुडणार आता, शेअर विका. मला हे अजिबात पटत नाही. माझं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, उजळाईवाडीचा विमानतळ अगदी शेजारी, त्यामुळं या बातम्या मी आवडीनं वाचतो आणि बुक केलेल्या मशीनचा हप्ता डोक्यावर असताना काम आटलं की काय होतं हे आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. २००८-०९ ला ऑटोचं काम बसलं तेव्हा ज्यांनी बुक केलेलं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं महागडं मिलिंग मशीन) थांबवायचं धाडस केलं ते लोक आज शॉप चालवतायत.

विमानाचंही तसंच आहे, फक्त आकडे अवाढव्य आणि तेही डॉलरमध्ये. पॅरिसच्या एअर शोमध्ये फोटो निघतात, पेपरात लाखो कोटींची ऑर्डर म्हणून छापून येतं, पण ती लिस्ट प्राइस, म्हणजे छापील किंमत असते, तेवढे पैसे कुणीच देत नाही, मोठ्या गिऱ्हाईकाला दणकून डिस्काउंट मिळतो. बुकिंगला थोडी रक्कम जाते, खरे हप्ते चालू होतात ते डिलिव्हरीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून आणि मोठा वाटा विमान ताब्यात घेताना. आपल्याकडच्या कंपन्या तर बऱ्याचदा विमान ताब्यात घेतलं की लगेच लीजिंग कंपनीला विकतात आणि तेच भाड्यानं घेतात, म्हणजे पुढची कित्येक वर्षं सीट भरो न भरो दर महिन्याला डॉलरमध्ये भाडं आहेच. रुपया घसरला की भाडं वाढलं, त्यात इंधन, जे खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत जातं. मग मंदीत कंपनीच्या हातात राहतं काय? जे विमान अजून आलेलंच नाही ते लांबवणं. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा बॅलन्स शीट बघावी.

आणि झेपेल त्यापेक्षा मोठ्या ऑर्डरी देणाऱ्यांचं काय झालं ते आपण बघितलंयच की. किंगफिशरनं २००५ मध्ये स्वतः सुरू होतानाच एअरबसच्या पाच ए३८० ची ऑर्डर दिली होती, जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. त्यातलं एकही आलं नाही आणि २०१२ च्या ऑक्टोबरात कंपनीच जमिनीवर बसली. जेट एअरवेजनं २०१८ मध्ये बोईंग ७३७ मॅक्सच्या ऑर्डरी वाढवून आकडा २२५ वर नेला, त्याच वर्षी पायलटांचे पगार थकायला लागले आणि १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडालं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सनं मिळून १११ विमानं घेतली ती जवळपास सगळी कर्जावर, त्यावर कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेनं, २०११ मध्ये कडक ताशेरे ओढले, आणि ते ओझं शेवटी आपण टॅक्स भरणाऱ्यांनीच उचललं. तेव्हा कुणी वेळेत फेरविचार केला असता तर हजारो लोकांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

पण लांबवणं वेगळं आणि कॅन्सल करणं वेगळं, हे बातम्यांत नीट सांगितलं जात नाही. कॅन्सल केलं की लायनीतला नंबर गेला. कोविडमध्ये एअरबसनं ए३२० चं प्रॉडक्शन महिन्याला ६० वरून ४० वर आणलं, नंतर गर्दी परत आली पण सुटे भाग आणि कुशल कामगार तेवढ्या वेगानं परत आले नाहीत, त्यामुळं रांग एवढी वाढली की इंडिगोनं जून २०२३ मध्ये ५०० विमानं सांगितली ती मिळायला २०३० उजाडणार. उलट ज्याच्या गाठीला रोख पैसा आहे त्याच्यासाठी मंदी म्हणजे खरेदीचा मोका, आयर्लंडच्या रायनएअर या स्वस्त विमान कंपनीनं ९/११ नंतर चारच महिन्यांत, जानेवारी २००२ मध्ये, सगळे घाबरलेले असताना १०० बोईंग बुक केली आणि त्या स्वस्त विमानांवर युरोपभर पसरली. म्हणजे एकच नियम सगळ्यांना लागू नाही, ज्याची त्याची ताकद बघून ठरतं.

आता माझा मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. कात्री चालवताना कंपन्या बऱ्याचदा आधी छोटी विमानं कापतात. एटीआर, म्हणजे सत्तरेक सीटचं पंख्याचं विमान, घ्यायचं तर पायलट वेगळे, स्पेअर वेगळे, इंजिनिअर वेगळे, म्हणून मोठ्या कंपनीच्या हिशेबात पहिली फुली तिथंच पडते. आणि कोल्हापूरसारखी गावं चालतात ती मुख्यतः ५०-८० सीटच्या विमानांवर. छोटी शहरं विमानानं जोडायच्या उडान योजनेत सरकार तीन वर्षं सीटचा तोटा भरून देतं, ते संपलं की बरेच रूट बंद, कित्येक तर त्याआधीच. कॅगच्या २०२३ च्या अहवालात हे स्पष्ट आलंय, सुरू झालेल्या ३७१ रूटपैकी तीन वर्षं पूर्ण केली फक्त ११२ नी आणि त्यानंतरही टिकले फक्त ५४. आपल्याच घोडावत ग्रुपची स्टार एअर ५० आणि ७६ सीटची एम्ब्रेयर कंपनीची विमानं चालवते हे आपलं नशीब म्हणायचं, पण एक-दोन कंपन्यांच्या मोजक्या विमानांवर अख्खा जिल्हा किती दिवस अवलंबून राहणार ओ?

मुंबईच्या फ्लाइटचं तर काय सांगू. आधी रोज, मग आठवड्यातनं तीन दिवस, मग एक मेसेज येतो आणि बंद. तिकिटाचे पैसे परत येतात हो, पण चेन्नईहून इन्स्पेक्शनला यायचा कस्टमर पुण्याला उतरून गाडीनं यायला तयार होत नाही आणि काम कोइमतूरला जातं. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे म्हणून कसंतरी निभावतंय. मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनलचं उद्घाटन झालं, दगडी कमानी वगैरे खरंच देखणी इमारत आहे, मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो, पण विमानंच कमी झाली तर तिथं बसणार कोण?

म्हणून दोन मागण्या आहेत. सरकारनं रूट वाटताना कंपनीकडनं तिच्या विमानांचं डिलिव्हरी शेड्यूल लेखी घ्यावं, त्यात बदल झाला तर तो जाहीर करायला लावावा आणि ज्या कंपन्या मंदीत छोट्या विमानांची ऑर्डर राखतील त्यांना तीन वर्षांच्या पुढं मदत वाढवून द्यावी. आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. आणि साहेब, दुसरी मागणी तुमच्याकडं आहे, ऑर्डर झाली की पेपरात अर्धं पान येतं, तीच ऑर्डर पुढं ढकलली की आतल्या पानावर चार ओळी. ढकललेल्यात आमच्या मापाची विमानं किती आणि त्यामुळं उजळाईवाडीच्या कुठल्या फ्लाइटवर परिणाम होणार, एवढं तुमच्या बातमीदारानं कंपन्यांना विचारून छापावं.

आपला,
एक नियमित वाचक,
गोकुळ शिरगाव, कोल्हापूर