बीडाची ऐरण पोलादी म्हणून विकू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हॉल भाड्याने घेऊन भरणारे हत्यारांचे सेल, बारमाही सवलतीची पाटी लावलेली दुकाने आणि घरपोच माल पाठवणारी संकेतस्थळे यांमुळे अलीकडे कोल्हापुरात पाने, पक्कडी, हातोडे, वाइस आणि आता चक्क ऐरणीसुद्धा अतिशय कमी दरात मिळू लागल्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून माझी नोकरी झाली असल्याने 'हे घ्यावे का?' असे मला अनेक जण विचारतात. स्वस्त हत्यार सरसकट टाकाऊ असते असे मी मानत नाही. मात्र जे हत्यार घाव घालण्यासाठी किंवा घाव झेलण्यासाठी आहे, त्यात काटकसर करू नये, आणि बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची (कास्ट आयर्न), ऐरण पोलादी म्हणून गळ्यात मारणे ही तर उघड फसवणूक समजावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐरण केवळ खालून आधार देते असा अनेकांचा समज असतो. वास्तविक हातोडा पडला की कठीण आणि जड ऐरण त्याला उसळवून परत देते. त्यामुळे घावाचा जोर तापलेल्या लोखंडातच राहतो आणि पुढच्या घावासाठी हातोडा उचलण्याचे कष्टही कमी होतात. चांगल्या ऐरणीचा माथा पोलादाचा, पाणी देऊन (म्हणजे तापवून झटकन थंड करून) कठीण केलेला, कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल 'सी' मापावर साधारणपणे 50 च्या पुढचा असतो. बीड त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यात अडीच ते चार टक्क्यांपर्यंत कार्बन असतो आणि त्यातील बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे घावाचा जोर जिरवतात, आणि ताण आला की भेग त्यांच्याच कडेने धावते.

उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत ज्या जिल्ह्याच्या फौंड्र्या बीडावर उभ्या राहिल्या, तेथे बीडाला नावे ठेवण्याचा माझा हेतू अर्थातच नाही. लेथचा बेड, ऑइल इंजिनाचा ब्लॉक किंवा पंपाची बॉडी बीडाचीच असावी, कारण ते कंप जिरवते आणि दाबाखाली दमदार असते. नेमका हाच गुण ऐरणीत दोष ठरतो. लोहाराला कंप जिरवणारी ऐरण नको असते.

एका ओळखीच्या वर्कशॉपात अशाच सेलमधून आणलेल्या ऐरणीचे मोडलेले शिंग, म्हणजे तिचे पुढचे निमुळते टोक, मी हातात घेऊन पाहिले. वरून निळा चकचकीत रंग, बाजूला 'स्टील' असे लिहिलेले लेबल, आणि मोडलेल्या जागी राखाडी, भरड दाणा. त्यावरून बोट फिरवले तेव्हा पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी बोटाला लागली. माथ्यावर हातोड्याच्या कडांचे इतके वण उमटले होते की त्यावर सरळ केलेली पट्टी सरळ राहणे शक्यच नव्हते. ही ऐरण शेतीच्या अवजारांच्या किरकोळ दुरुस्तीसाठी घेतली होती; तिच्यावर कोणी नांगराचे फाळ घडवत नव्हते.

खरेदीपूर्वीची परीक्षा कठीण नाही. बेअरिंगची एक मोठी गोळी खिशात ठेवावी आणि दुकानातच 25 सेंटिमीटर उंचीवरून ऐरणीच्या माथ्यावर सोडावी. चांगल्या ऐरणीवर ती 18 ते 20 सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही वर उसळते. बीडावर निम्म्यापर्यंतही येत नाही. माथ्याच्या कडेला जुनी कानस हलकेच घासावी. ती घसरली तर माथा कठीण आहे, आणि तिने सहज किसून काढले तर मऊ. आवाजावर मात्र फार विसंबू नये, कारण ऐरण कशावर ठेवली आहे त्यानुसार आवाज बदलतो आणि काही उत्तम ऐरणीही फारशा खणखणत नाहीत. दुकानदाराची हरकत नसेल तर तळाला बारीक ड्रिल मारून पाहणे सर्वांत खात्रीचे. बीडाचा भुसा पडतो आणि पोलादाची चीप वळत वळत निघते, हे आपल्याकडच्या कोणत्याही टर्नरला सांगावे लागणार नाही. परीक्षेलाच नकार देणाऱ्या दुकानदाराचे उत्तर तेथेच मिळाले असे समजून पुढे जावे.

वजनाचाही हिशेब आहे. हातोड्याच्या सुमारे 50 पट वजनाची ऐरण असावी असा सर्वसाधारण संकेत असून, त्यानुसार एक किलोच्या हातोड्याला 50 किलोची ऐरण लागते. सेलमधल्या पाच-दहा किलोच्या ऐरणी पोलादी असल्या तरी लोहारकामाला पुरत नाहीत. हुपरीच्या चांदी कारागिराला लहान ऐरण चालते. परंतु त्याच्या बाबतीत माथ्याची सफाई निर्णायक ठरते, कारण ओतकामातला प्रत्येक बारीक खड्डा चांदीच्या पत्र्यावर जसाच्या तसा उमटतो. याउलट चामडे ठोकण्यापुरता ठोकळा हवा असेल, तर बीडाचा स्वस्त ठोकळा खुशाल घ्यावा.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत हार्बर फ्रेट या सवलतीच्या दुकानांच्या साखळीत 25 किलोची बीडाची ऐरण मिळत असे, आणि तेथील हौशी लोहार अशा मालाला 'ऐरणीच्या आकाराची वस्तू' म्हणून हिणवतात. पुढे त्याच दुकानांत सुमारे 30 किलोची पोलादी ऐरण आली आणि तिला बऱ्यापैकी पसंती मिळाली. म्हणजे दुकान सवलतीचे आहे एवढ्यावरून मालाची पारख होत नाही. धातू कोणता आहे हे पाहावे लागते.

ज्यांना नवी पोलादी ऐरण परवडत नाही त्यांच्यासाठी भंगारातला जाड पोलादी शाफ्ट किंवा रुळाचा तुकडा हा सेलमधल्या ऐरणीपेक्षा केव्हाही चांगला पर्याय आहे. 60 किलो प्रतिमीटर वजनाच्या रुळाचा तुकडा आडवा न ठेवता लाकडी ओंडक्यात उभा रोवला, तर त्याचे सगळे वजन घावाच्या बरोबर खाली येते. मात्र रुळाचा तुकडा रेल्वेच्या लिलावातून आलेला आणि पावतीसह असावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा 1966 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि 'भंगारवाल्याने दिला' हे उत्तर तेथे चालत नाही.

इतर हत्यारांबद्दल थोडक्यात लिहितो. सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, घरात वर्षातून दोनदा लागणारा फिक्स पाना अशा वस्तू स्वस्तात घेतल्या तरी फारसे बिघडत नाही. रोजच्या कामातला पाना मात्र हलक्या प्रतीचा असेल तर त्याचे तोंड फाकते, नटाचे कोपरे जातात आणि पन्नास रुपये वाचवण्याच्या नादात पाचशेचे काम वाढते. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे मजबूत मिश्र पोलादाचे नाव कोरलेले असणे पुरेसे नाही. ती अक्षरे कोणीही कोरू शकतो.

हातोडा आणि छिन्नी यांबाबत मी तडजोड मान्य करत नाही. छिन्नीच्या धारेला पाणी असावे, डोक्याला नसावे. डोके मऊ राहिले तर ते हळूहळू पसरते आणि ते वेळोवेळी घासून घेता येते. धारेबरोबर डोकेही कठीण झाले असेल तर घाव बसताच त्याची कपची उडते. स्वस्त मालात ही काळजी घेतलेली असतेच असे नाही. कधी छिन्नी सगळीच मऊ असते आणि धार पहिल्याच पट्टीवर वळते, तर कधी सगळीच कठीण असते. हातोड्याचे डोके बीडाचे असेल तर ते फुटते. उडालेली कपची बहुतेक वेळा डोळ्याच्या दिशेने येते, कारण काम करणारा वाकून तेथेच पाहत असतो. पोलादी हातोड्यांसाठी आयएस 841 हे भारतीय मानक आहे. हातोड्यावर ते आणि आयएसआय चिन्ह शोधावे, आणि कोणतेही हत्यार घेतले तरी डोळ्यांना सुरक्षेचा चष्मा लावावा. ग्राइंडरची चाके आणि विजेच्या कामाच्या इन्सुलेटेड पक्कडी अनोळखी छापाच्या घेऊच नयेत, याबद्दल दुमत होऊ नये.

सेलमधून खरेदी करणारा माणूस बहुधा नुकताच प्रशिक्षण संपवून धंदा सुरू करणारा मुलगा असतो किंवा गावाकडचा लहान कारागीर असतो. त्याच्याकडे एकरकमी पैसे नसतात, म्हणूनच तो तिकडे वळतो. त्याला 'महागडे घे' असे सांगणे सोपे आहे, पण त्याने त्याचे काम होत नाही. म्हणून विक्रेत्यांनी निदान ऐरण, वाइस आणि हातोडा यांवर बीड, एसजी आयर्न (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेले, अधिक चिवट बीड) की पोलाद हे मराठीत स्पष्ट लिहावे, पक्के बिल द्यावे आणि बिलावरही धातूचा उल्लेख करावा. तसा उल्लेख असला तर ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे दाद मागताना हाती काही पुरावा राहतो.

'स्मॅक' (शिरोलीच्या कारखानदारांची संघटना), 'गोशिमा' (गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची संघटना) आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या संघटनांनाही एक विनंती आहे. शिंग, भोके, रंगरंगोटी यांपैकी काहीही नसलेला, 50 किलोचा, माथा मशीन करून कठीण केलेला साधा पोलादी ठोकळा आपल्या सभासद कारखान्यांकडून माफक दरात बनवून घेता येईल का, याचा त्यांनी विचार करावा. पोलाद ओतणाऱ्या भट्ट्या, हीट ट्रीटमेंटची सोय आणि मशीन शॉप हे तिन्ही आपल्या जिल्ह्यात आहे, आणि पहिली मागणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडूनच येऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
राजारामपुरी, कोल्हापूर